अजून दहा वर्षं शिकू, की आत्ताच चाली लावू? एका सातारकराला उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी चुकीचं समजलो असेन तर तुमच्या लगेच लक्षात येईल. तुम्ही साताऱ्याचे, वय सव्वीस, गायनात विशारद. तुमच्या हौशी मंडळींनी नवं संगीत नाटक हाती घेतलंय, सैनिकाच्या घरातलं. लेखकाने चौदा पदं लिहिलीत आणि चाली तुमच्या गळ्यात पडल्यात. पाच लावून झाल्या. घरी ऐकवल्या की लोक वाहवा करतात, पण तालमीत पद सुरू झालं की दिग्दर्शक घड्याळ बघतो आणि नट म्हणतात, आम्हाला झेपत नाही. त्यात तुम्ही पंडित जितेंद्र अभिषेकींचं, म्हणजे शास्त्रीय गायक आणि नाटकांना चाली देणाऱ्या अभिषेकीबुवांचं आयुष्य वाचायला घेतलंत. एवढे गुरू, एवढी वर्षं तालीम, आणि मग कुठे ‘मत्स्यगंधा’ नाटकाच्या चाली. त्यामुळे तुम्ही विचारताय की अजून दहा वर्षं शिकून मग या वाटेला जावं, की हे आपलं कामच नव्हे म्हणून सोडून द्यावं.

मी सांगलीचा. 1979 पासून संगीत नाटकांना ऑर्गन आणि पेटी वाजवत आलो. पोटासाठी पाटबंधारे खात्यात कारकुनी केली, संध्याकाळी तालमी. साथीला किती नाटकं झाली ते मोजलं नाही, पण स्वतः चाली लावलेली हौशी नाटकं आठ. त्यांतल्या दोन नाटकांच्या चाली आजही ऐकाव्याशा वाटतात, बाकीच्या सहांबद्दल कुणी विचारत नाही हे माझं नशीब. बोलण्याचा अधिकार एवढाच.

तुम्ही प्रश्नासोबत जोडलेली दोन्ही रेकॉर्डिंगं तीन-तीनदा ऐकली. बागेश्री राग स्वच्छ आहे, लय पक्की आहे, अंतरा छान उघडतो. शिक्षण कमी पडलंय असं कुठेच जाणवलं नाही. उलट मला वाटतं ते थोडं जास्तच ऐकू येतंय. तुमचं पद बैठकीत बसून गायलेलं आहे. नाटकात ते गाणार आहे एक बाई, जिचा मुलगा सीमेवर आहे, सहा महिने ज्याचं पत्र नाही, आणि जी आत्ता चुलीपुढून उठून दारात आलीय. तुमच्या चालीत ती बाई दिसत नाही, बागेश्री दिसतो. दहा वर्षं शिकून हे सुटणार नाही. बागेश्री आणखी चांगला होईल, एवढंच.

अर्थात काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्ही कळवलेल्या नाहीत. आईचं काम करणाऱ्या बाई गाणाऱ्या आहेत की अभिनय करणाऱ्या? साथ समोर बसून होणार की ट्रॅकवर? लेखक शब्द बदलू देतो का? नाटक स्पर्धेसाठी आहे की पुढे गावोगाव प्रयोग लावायचेत? स्पर्धेत परीक्षक पदांचे कान घेऊन बसतात, तिथे एखादं पद लांबलं तरी चालून जातं. गावच्या जत्रेत त्याच पदाला लोक उठून चहाला जातात. मी पुढे जे लिहितोय ते हौशी नट, समोर पेटी-तबला आणि ऐकून घेणारा लेखक असं गृहीत धरून.

आता अभिषेकीबुवांकडे येतो, कारण त्यांच्या चरित्राचा अर्थ तुम्ही उलटा लावलाय असं मला वाटतं.

त्यांचं मूळ नाव गणेश बळवंत नवाथे. गोव्यातलं मंगेशी हे गाव. वडील देवळात अभिषेक करणारे आणि कीर्तनकार. गाण्याचे पहिले धडे वडिलांकडे. मग गिरिजाबाई केळेकर, पुण्यात नरहरबुवा पाटणकर, मुंबईत आग्रा घराण्याचे अझमत हुसेन खाँ आणि जगन्नाथबुवा पुरोहित, म्हणजे ‘गुणीदास’, आणि अनवट रागांसाठी गुलुभाई जसदनवाला. ही यादी वाचून तुम्ही दडपून गेलात. पण यादीच्या मधल्या दोन गोष्टींकडे तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही. एक, त्यांनी संस्कृत घेऊन पदवी मिळवली होती. दुसरी, मुंबई आकाशवाणीत काही काळ त्यांनी नोकरी केली आणि तिथे रेडिओच्या कार्यक्रमांसाठी चाली बांधल्या.

मला स्वतःला या दोन गोष्टी गुरूंच्या यादीइतक्याच मोलाच्या वाटतात. कीर्तनकाराच्या घरातलं पोर. कीर्तनात गाणं कधी सुटं नसतं. आख्यान चाललेलं असतं, बुवा बोलता बोलता सुरात शिरतात आणि गाता गाता पुन्हा बोलण्यावर येतात. श्रोत्याला सांधा कळतही नाही. संगीत नाटकात नेमकं हेच लागतं. संस्कृतामुळे शब्दाचं वजन कळलं. आणि रेडिओवर काय होतं? घड्याळ. ठरलेल्या मिनिटांत गाणं सुरू होऊन संपायला हवं, गाणारा कोण मिळेल ते वरून ठरतं, आणि समोर कुणी माना डोलावत नाही. नाटकाच्या संगीतकाराला यापेक्षा चांगली शाळा कोणती? म्हणजे बुवा आधी सगळं शिकून संपवून मग चाली लावायला बसले असं झालेलं नाही. शिकणं आणि चाली बांधणं बरोबरच चाललं होतं.

त्यांच्या कामातली चार वर्षं बघा. 1964 ला ‘मत्स्यगंधा’, 1966 ला ‘ययाति आणि देवयानी’ आणि ‘लेकुरे उदंड जाली’, 1967 ला ‘कट्यार काळजात घुसली’. (यातलं पहिलं आणि तिसरं वसंत कानेटकरांचं, आणि कानेटकर रहिमतपूरचे, म्हणजे तुमच्याच जिल्ह्यातले. कुणी सांगितलं नसेल तर सांगून ठेवतो.) ही चार नाटकं लागोपाठ ऐका. एकाच माणसाच्या चाली आहेत हे अनोळखी माणसाला ओळखता येणार नाही, आणि माझ्या लेखी ही त्यांची सर्वांत मोठी करामत.

‘मत्स्यगंधा’मध्ये पराशराच्या कामात रामदास कामत होते, तयारीचा गळा. त्यांना बुवांनी ‘गुंतता हृदय हे’, ‘देवाघरचे ज्ञात कुणाला’ दिली, ज्यात सूर लांबवायला आणि फिरायला जागा आहे. त्याच नाटकात सत्यवतीच्या कामात आशालता वाबगावकर. त्यांची पुढची ओळख अभिनेत्री म्हणूनच झाली. त्यांच्या वाट्याला ‘गर्द सभोवती रानसाजणी’ आणि ‘अर्थशून्य भासे मज’. ऐकून बघा, ओळ बोलल्यासारखी जाते, सूर शब्दाच्या पुढे पळत नाही. पण म्हणून ही पदं ‘सोपी’ वाटतात का? मला तरी नाटकात तीच जास्त लागतात. गळा बघून कापड बेतलं, आणि कापड कमी पडलंय असं कुठे दिसू दिलं नाही.

‘लेकुरे’ तर त्याहून वेगळं. तिथे श्रीकांत मोघे. आमच्या किर्लोस्करवाडीचे. उमदे नट, गाण्याची जाण असलेले, पण ताना मारणारे गवई नव्हेत. तिथे गाणं संवादातूनच उचललं जातं, गद्य कुठे संपलं आणि पद्य कुठे लागलं याची रेघ पुसून टाकलेली. शास्त्रीय बैठकीचा माणूस असलं काही बांधायला तयार झाला हेच विशेष. पुष्कळ बुवांना ते कमीपणाचं वाटलं असतं.

‘ययाति’त ‘हे सुरांनो चंद्र व्हा’ चारुकेशीत. हा राग दक्षिणेकडचा. पण बाई सुरांना विनवतेय, चंद्र व्हा म्हणून. चारुकेशीत वरचा अर्धा भाग उदास आणि खालचा अर्धा उजेडातला, असं मला पेटीवर बोटं फिरवताना नेहमी वाटतं. तो राग तिथे कसब दाखवायला आलेला नाही, त्या बाईच्या मनात जे दोन रंग आहेत त्यांच्यासाठी आलाय.

आणि आता ‘कट्यार’. इथे जरा थांबतो, कारण ‘कट्यार’ ऐकून बिघडलेले संगीतकार मी खूप पाहिलेत. तरुणपणी मी त्यांतलाच एक होतो. ‘कट्यार’मध्ये ताना आहेत, फिरत आहे, पद रंगलं की रंगत जातं, म्हणून आपणही तसं करावं असं वाटतं. पण पुरुषोत्तम दारव्हेकरांचं ते नाटकच दोन गायकींच्या झगड्याचं. तिथे तान हाच संवाद आहे. त्यातले एक गवई खाँसाहेब, दुसरे पंडितजी. खाँसाहेब तान मारतात तेव्हा ते बोलत असतात, भांडत असतात. ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद त्या नाटकात दोनदा येतं. पंडितजींच्या तोंडी ते धानी रागात आहे, भुंगा फुलावर सावकाश बसावा तसं. खाँसाहेबांच्या तोंडी सालगवराळी रागात, आणि खाँसाहेबांच्या कामात वसंतराव देशपांडे ते गायचे तेव्हा भुंगा फुलाला ओरबाडून नेतोय असं वाटायचं. शब्द तेच, एक अक्षर बदललेलं नाही. दोन माणसं मात्र समोर उभी राहतात. रात्री एकदा दोन्ही मागोमाग लावा, डोळे मिटून ऐका, आणि मग तुमच्या पाच चालींपैकी कुठली चाल कुठल्या माणसाची आहे हे नाटकाचं पुस्तक न बघता सांगता येतं का ते स्वतःला विचारा.

तुमच्या नाटकात गवई कुणी नाही. आई आहे, सासरा आहे, पोस्टमन आहे. त्यांना तान कशाला?

थोडं मागचं सांगतो. तुम्ही ‘चाली लावणं हे पंडितांचंच काम’ असं धरून बसलात म्हणून. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या, आमच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांच्या नाटकांची जुनी पुस्तकं उघडा. पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच कुठल्यातरी गाण्याची ओळ छापलेली दिसेल. म्हणजे लेखकच आधीची माहीत असलेली चाल मनात धरून पद लिहायचा. साकी, दिंडी, कीर्तनातल्या, लावणीतल्या, कानडी चाली. वेगळा संगीतकार ही गोष्ट आली 1911 च्या ‘मानापमान’पासून. नाटक सांगलीच्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. आणि टेंबे कोण? पेटीवाले. आम्ही पेटीवाले हे सांगायची संधी सोडत नाही. त्यांनी पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्याच्या चाली मराठी पदांना दिल्या, पुढे भास्करबुवा बखल्यांनी 1916 च्या ‘स्वयंवर’मध्ये ख्यालाच्या बंदिशींचा पाया घातला. बालगंधर्वांचा गळा समोर होता म्हणून ते पेललं. तोच गळा नसताना तीच पदं हौशी रंगभूमीवर कशी ऐकू येतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

तुमच्याच कोरेगाव तालुक्यातल्या भाडळ्याचे सौदागर नागनाथ गोरे, म्हणजे छोटा गंधर्व. दहाव्या वर्षी ‘बालमोहन’ नाटक मंडळीत गेले, आयुष्य रंगभूमीवर काढलं, आणि पुढे ‘सुवर्णतुला’च्या चालीही त्यांच्याच. त्या चालींत मला कायम जाणवतं की हा माणूस स्वतः रंगावर उभा राहून गायलेला आहे. श्वास कुठे घ्यायचा, टाळी कुठे येते, पाठ कधी फिरवायची हे चालीतच बांधलेलं. तेव्हा वाटा अनेक आहेत. कुणी कीर्तनातून आला, कुणी पेटीवरून, कुणी नटाच्या अंगरख्यातून. साम्य एवढंच की यातला प्रत्येक जण तालमीत बसलेला होता.

आता तुमच्या पदाकडे. ‘उभी सांज दारात, दिवा लावू कशी’. ओळ चांगली आहे, लेखकाला माझ्यातर्फे सांगा.

तुम्ही दादरा ताल घेतलाय, ते ठीक. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, तुम्ही ‘सांज’वर आणलीय. त्यामुळे कान ‘सांज’ पकडतो, आणि डोळ्यांपुढे संध्याकाळ येते. छान संध्याकाळ. पण प्रवेश संध्याकाळचा आहे की दाराचा? ती बाई दाराकडे बघतेय, कारण पोस्टमन त्या दारातून येतो. ‘उभी सांज’ एवढे शब्द समेच्या आधी उठावणीत टाकून सम ‘दारात’च्या ‘दा’वर आणून बघा. रागाला हात लावायचा नाही, फक्त सम सरकवायची. मी पेटीवर करून पाहिलं. माझी बायको आतून म्हणाली, ‘कोण यायचंय?’ तिला तुमच्या नाटकाबद्दल काहीही माहीत नव्हतं.

दुसरी गोष्ट ‘कशी’. दुसऱ्या वेळी तुम्ही हा शब्द तार षड्जावर नेऊन ठेवलाय, आणि तिथे लांबवलाय. ‘शी’तला ईकार. तुमचा गळा शिकलेला आहे, तुम्ही तो गोल करून लावता. त्या बाईंचा तिथे चिरकणार. हौशी गळ्याला वर आकार मिळाला तर तो उघडतो, ईकार आणि उकार मिळाला तर आवळतो. मी लेखकाकडे जाऊन म्हटलं असतं, दोन शब्दांची जागा बदला: ‘उभी सांज दारात, कशी लावू दिवा’. अर्थ तोच. पण ओळ ‘वा’वर संपते, वर उघडा आकार मिळतो, शिवाय कानात शेवटी ‘दिवा’ राहतो. लेखक चिडला तर त्याला म्हणावं, मात्रा मोजून बघ, बिघडलेलं काही नाही.

तिसरी गोष्ट सुरुवात. पदाआधी तुमची पेटी वीस सेकंद वाजते. नमनालाच घडाभर तेल. त्या वीस सेकंदांत बाईंनी करायचं काय? उभ्या राहतात बिचाऱ्या, पदर सावरतात, प्रेक्षकांना कळतं की आता गाणं येणार. संवादाचं शेवटचं वाक्य त्या कुठल्या सुरावर सोडतात ते ऐका. प्रत्येक माणूस बोलताना कुठल्यातरी सुरावर थांबतोच. तालमीत माझं पहिलं काम तेच, पेटीवर हळूच तो सूर शोधायचा. तो धरून ठेवायचा, भाता कमी, जेमतेम ऐकू येईल इतका, आणि त्यातूनच पहिला शब्द उचलू द्यायचा. याचा अर्थ पट्टीही, म्हणजे पेटीची कुठली पट्टी षड्ज धरून गायचं तेही, तुम्ही घरी ठरवायची नाही. रेकॉर्डिंगमध्ये तुम्ही स्वतःच्या पट्टीत गायलात, काळी एक. बाईंची काळी चार निघेल, कदाचित पांढरी चार. त्यांच्या तोंडून पद दोनदा ऐकल्याशिवाय पट्टी पक्की करू नका.

हे सगळं मला कुणी शिकवलं नाही, फटके खाऊन कळलं. 1983 साली माझं पहिलं स्वतंत्र काम होतं. नायक एक शाळामास्तर, सुरेल गळा, मध्यम उंचीपर्यंत बिनधोक. मी ‘कट्यार’च्या नशेत. नायक शत्रूच्या तावडीतून सुटून येतो त्या प्रवेशाला मारवा रागात पद बांधलं, मुखडाच वर उचललेला. तालमी बसून व्हायच्या, पदं बसून गायली जायची, सगळं झकास. रंगीत तालमीत मास्तर विंगेतून धावत आले, दिग्दर्शकाने दोन फेऱ्या पळवल्या होत्या, आणि पहिल्या सुरालाच दम उखडला. आमचा तबलजी वयाने मोठा, मिरजेचा. त्याने डग्ग्यावरचा हात न उचलता मला विचारलं, ‘बाबा रे, तो पळून आलाय, आणि तू त्याला शिडीवर कशाला चढवतोस?’

प्रयोग दुसऱ्या दिवशी होता. रात्री अकरा वाजता मी मुखडा मोडला. सुरुवात खालच्या सुरांत, तुकड्या तुकड्यांनी, दोन शब्द आणि थांबा, दोन शब्द आणि थांबा. मास्तरांना म्हटलं, धाप लागू द्या, ती धाप लयीत घ्या. वरचा सूर अंतऱ्याच्या शेवटी एकदाच. मारवा त्यात जेमतेम उरला असेल. पण त्या पदाला वन्स मोअर आला आणि माझ्या इतर सगळ्या मेहनतीच्या चालींना शांतता. त्या नाटकाचं मानधन एकशे एक्कावन्न रुपये, नारळ आणि टॉवेल मिळाला. टॉवेल बराच काळ टिकला.

तेव्हापासून माझी एक सवय झाली. चाल लावायच्या आधी मी त्या प्रवेशाच्या तालमीला दोन-तीन दिवस नुसता बसतो, पेटी न उघडता. नट कुठून येतो, हातात काय आहे, बसतो की उभा राहतो, कुणाकडे बघून गातो, हे सगळं वहीत. हातात घागर असेल तर तान विसरायची. नट पाठमोरा असेल तर शब्द जाड हवेत, बारीक हरकत ऐकूच जाणार नाही. हे ऐकायला फार किरकोळ वाटतं. तुमच्या दिग्दर्शकाच्या घड्याळाचं उत्तर यातच आहे.

आणि चौदा पदं फार झाली. दोन-सव्वादोन तासांच्या नाटकात आठाच्या वर नको. चौदांपैकी कुठली काढायची ते ठरवायला सोपा उपाय आहे: पद पूर्ण गाळून प्रवेश करून बघा. कथा अडखळली नाही तर ते पद गेलं. लेखकाला वाईट वाटेल, तुम्हालाही वाटेल, विशेषतः तुमची लाडकी चाल गेली तर. पोस्टमनच्या पदाबद्दल माझं मत असं की ते चालीत न गाता ठेक्यावर बोलू द्या, भजनी ठेका धरा, त्यात गंमत आहे. सासऱ्याचं पद मला अजून नीट समजलेलं नाही, त्यावर काही बोलत नाही.

चाली टिपून ठेवायला विसरू नका. मोबाइलमध्ये आवाज आहे म्हणून निर्धास्त राहू नका, स्वरलिपी वहीत लिहा. माझ्या तीस वर्षांच्या चाली कॅसेटवर होत्या, कपाटाच्या खालच्या खणात. 2019 च्या ऑगस्टात कृष्णा सांगलीच्या गावभागात शिरली तेव्हा आम्ही पेटी माळ्यावर चढवली, गहू चढवले, कॅसेट कुणाच्या लक्षातच आल्या नाहीत. पाणी उतरल्यावर खण उघडला तर चिखलाची एक वीट निघाली. आता जे आहे ते एका वहीतलं आणि माझ्या डोक्यातलं.

राहिला पोटाचा प्रश्न. तुम्ही तो शेवटच्या ओळीत घाईने विचारलाय, म्हणजे घरातून कुणीतरी विचारतंय. स्पष्ट सांगतो, संगीत नाटकाच्या चालींवर आज घर चालणार नाही, निदान सातारा-सांगलीत नाही. अभिषेकीबुवांचंही फक्त नाटकांवर चाललेलं नाही. आधी आकाशवाणीची नोकरी, मग मैफली, आणि शिष्य तयार करणं. आमच्या सांगलीच्या आशा खाडिलकर त्यांच्याकडे शिकल्या, अजित कडकडे, प्रभाकर कारेकर शिकले. तुम्ही क्लास घ्या, शाळेत नोकरी मिळाली तर धरा, भक्तिगीतांचे कार्यक्रम करा. त्यात नाटक बसवा. मला नोकरीचा कधी राग आला नाही. पाच वाजता टेबल आवरलं की कुणाच्या तोंडाकडे न बघता तालमीला जाता यायचं, आणि चाल नाही आवडली तर ‘नाही’ म्हणता यायचं. मानधनासाठी चाल लावणाऱ्याला ते जमत नाही.

शिकणं सोडा असं मी कुठेही म्हटलेलं नाही, कृपा करून तसा अर्थ काढू नका. गुरुजींकडे जाणं चालू राहू द्या. फक्त त्यात दोन गोष्टी वाढवा. एक, कीर्तन ऐका, रेकॉर्डिंगवर नव्हे, देवळात बसून, आणि बुवा गद्यातून पद्यात कधी गेले ती जागा पकडायचा प्रयत्न करा. दुसरी, आठवड्याला एक कविता घ्या आणि तीन मिनिटांत संपणारी चाल लावा, अशा माणसासाठी ज्याला एका सप्तकाच्या वर गाता येत नाही. घरात असा कुणीतरी असतोच. माझ्याकडे माझा मेहुणा होता. त्याला जमली ती चाल पास.

तुमच्या पाच चालींपैकी दोनच ऐकल्यात, त्यामुळे उरलेल्या तिन्हींबद्दल आत्ता काही बोलत नाही. आईचं पद वर सांगितल्याप्रमाणे बदलून आधी तालमीत घालून बघा, आणि दिग्दर्शक घड्याळ बघतो का ते कळवा. एखाद्या रविवारी सांगलीला आलात तर हरिपूरला संगमावर जाऊन बसू, सोबत माझी छोटी पेटी असेल. तुम्ही तुमची आणू नका. आईचं काम करणाऱ्या त्या बाईंना मात्र घेऊन या, मला त्यांचा बोलण्याचा सूर ऐकायचाय.